डोलकाठीसाठी राखलेली झाडं

अठराव्या शतकातल्या 100 तोफांच्या इंग्रजी लढाऊ जहाजाला जी मुख्य डोलकाठी लागायची, तिचा नुसता खालचा भागच सुमारे मीटरभर जाड आणि 35 मीटरच्या आसपास लांब असायचा. जहाजाचा सांगाडा ओक लाकडाचा, तो इंग्लंडमध्ये मिळे. पण इतकं उंच, सरळ सूचिपर्णी झाड तिथे नव्हतं. बाल्टिक समुद्रातून, रीगासारख्या बंदरांतून पाइन यायचा, मात्र तो एवढा जाड क्वचितच असे. मग अनेक तुकडे लोखंडी कड्यांनी आवळून डोलकाठी जोडावी लागे. शिवाय डेन्मार्कजवळची चिंचोळी सामुद्रधुनी शत्रूने बंद केली की पुरवठाच थांबायचा. डच युद्धात, 1652 साली, ही भीती खरी ठरायची वेळ आली आणि इंग्रजी आरमाराने अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडकडे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर अशा इंग्रजी वसाहतींकडे, डोलकाठ्यांसाठी जहाजं पाठवली.

तिथे होता पांढरा पाइन, शास्त्रीय नाव पायनस स्ट्रोबस. सुईसारखी पानं पाच-पाचच्या झुपक्यात, आणि दरवर्षी खोडाभोवती फांद्यांचं एक नवं कडं. दाट जंगलात उजेडासाठी चढाओढ असते, त्यामुळे खालच्या फांद्या लवकर मरून गळतात आणि खोड सरळसोट वर जातं. लाकूड हलकं असतं. डोलकाठीचं वजन उंचावर असतं, ते जितकं जास्त तितका जहाज कलंडायचा धोका वाढतो, म्हणून हा हलकेपणा फार मोलाचा. जाडीचंही गणित आहे. लांबी तीच ठेवून काठीचा व्यास दुप्पट केला, तर वजन चौपट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध 16 पट वाढतो. हलक्या लाकडाची एकसंध जाड काठी म्हणूनच आरमाराला हवी होती. अशी झाडं दोनदोनशे वर्षांची असत. म्हणजे 1700 साली तोडलेलं झाड इंग्रजांची तिथे पहिली वस्ती होण्याच्या आधीच रुजलेलं होतं.

झाड पाडणं हेही मोठं काम. एवढं खोड थेट जमिनीवर आपटलं तर तडकायचं, म्हणून आधी लहान झाडं आणि फांद्या तोडून त्यांचा बिछाना करायचे आणि बरोबर त्यावर झाड आडवं करायचे. मग हिवाळ्यात, बर्फावरून, दहा टनांच्या आसपासचं ते ओझं चाळीस-चाळीस बैलजोड्या ओढत नदीपर्यंत नेत. उतार आला की काही जोड्या मागे जुंपायच्या, नाहीतर ओंडका पुढच्या बैलांवर यायचा. रस्त्यालाही वळण चालायचं नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये आजही 'मास्ट रोड' नावाचे रस्ते आहेत.

मॅसॅच्युसेट्सच्या 1691 च्या सनदेत राजाने 24 इंचांहून जाड झाडं स्वतःसाठी राखून ठेवली. अशा झाडावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाणाची खूण करत. पुढे कायदे कडक होत गेले. न्यू हॅम्पशायरमध्ये 1722 पासून 12 इंचांचा पाइनसुद्धा राखीव झाला. खासगी जमिनीला सूट होती, पण मालकी 1690 पूर्वीची असेल तरच. खडकाळ जमिनीत शेत करायला झाडं काढावी लागत, घराला फळ्या लागत, गिरणीवर लाकूड विकून चार पैसे मिळत. आणि स्वतःच्या वावरातलं झाड तोडायला सरकारी माणसाची परवानगी, वर त्याची फी.

मात्र ते जंगल ना राजाचं होतं, ना या शेतकऱ्यांचं. ते तिथल्या मूळ रहिवासी अबेनाकी लोकांचं होतं. त्यांचा पोलिन नावाचा प्रमुख 1739 साली तक्रार घेऊन बोस्टनला गेला होता: नदीवर धरण बांधल्यामुळे मासे वर येत नाहीत. ते धरण बांधणारा थॉमस वेस्टब्रुक हा राजाचा डोलकाठ्यांचा एजंट होता. वसाहतीच्या गाऱ्हाण्यांची गोष्ट सांगताना हे पहिलं गाऱ्हाणं सहसा गाळलं जातं. ते गाळू नये.

पाइनचे कायदे अनेक वर्षं कागदावरच होते. न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ स्वतःच राजाच्या जंगलांचा सर्वेक्षक होता, पण त्याने फारसा जाच केला नाही. 1767 मध्ये त्याचा पुतण्या जॉन वेंटवर्थ त्याच्या जागी आला आणि त्याने अंमलबजावणी मनावर घेतली. लंडनचं धोरणही तसंच बदलत होतं. सात वर्षांच्या युद्धानंतर ब्रिटनवर सुमारे 13 कोटी पौंडांचं कर्ज होतं, वसाहतींकडून वसुली हवी होती. वसाहतींवरचा कर ब्रिटनमधल्या लोकांपेक्षा हलकाच होता. माझ्या मते भडका उडाला तो करांच्या ओझ्यापेक्षा या बदलामुळे: काल जे चालत होतं, ते आज गुन्हा ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत आपला एकही माणूस नाही.

1771-72 च्या हिवाळ्यात सरकारी माणसांनी न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर आणि गॉफ्सटाउन या गावांतल्या गिरण्या तपासल्या. एकाच गिरणीच्या आवारात 270 बेकायदा ओंडके निघाले. गॉफ्सटाउनच्या लोकांनी दंड भरला, वेअरच्यांनी नकार दिला. गिरणीवाल्यांनी तडजोडीसाठी ज्या सॅम्युएल ब्लॉजेटला वेंटवर्थकडे पाठवलं, त्यालाच वेंटवर्थने आपला दुय्यम सर्वेक्षक नेमून टाकलं. 13 एप्रिलला शेरीफ बेंजामिन व्हायटिंग वेअरच्या गिरणीवाल्यांचा म्होरक्या एबेनेझर मजेट याला पकडायला आला. सकाळी जामीन देतो, असं मजेट म्हणाला, म्हणून शेरीफ आणि त्याचा साथीदार क्विग्ली गावातल्या खाणावळीत मुक्कामाला राहिले. पहाटे वीसेक माणसं तोंडाला काजळी फासून आत घुसली. त्यांनी दोघांना छड्यांनी झोडपलं, दंड लावलेल्या प्रत्येक झाडामागे एक फटका. घोड्यांचे कान कापले, आयाळ-शेपट्या भादरल्या आणि त्याच घोड्यांवर बसवून दोघांना हाकलून दिलं. मुक्या जनावरांवरची ती क्रूरता वाचवत नाही.

सप्टेंबरमध्ये आठ जणांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा प्रत्येकी 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड, आणि कोर्टाचा खर्च. राखीव झाड तोडल्याचा दंड झाडाच्या जाडीप्रमाणे 50 पौंडांपर्यंत जायचा! शेरीफला मारून माणूस एका पौंडात सुटतो, हे साऱ्या पंचक्रोशीने पाहिलं. तक्रारी तर सगळीकडेच असतात. सरकारची जरब आता उरलेली नाही हे एकमेकांच्या डोळ्यांदेखत पटलं, की त्याच तक्रारींना धार येते.

पुढच्या दोन वर्षांत ती आली. डिसेंबर 1773 मध्ये बोस्टनला लोकांनी करांच्या निषेधात जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला, लंडनने बंदर बंद केलं, ऑक्टोबर 1774 मध्ये वसाहतींना बंदुकीची दारू पाठवण्यावर बंदी घातली. 13 डिसेंबरला बोस्टनच्या बंडखोरांचा निरोप्या पॉल रिव्हिअर घोडा दामटत न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथला आला: इथल्या किल्ल्यावर सैन्य येतंय. दुसऱ्याच दिवशी सुमारे 400 माणसांनी विल्यम अँड मेरी किल्ला घेतला. आत मूठभर शिपाई होते. राजाचा झेंडा उतरला आणि दारूची शंभरेक पिंपं पळवली गेली. वेंटवर्थला मदतीला माणसं मिळेनात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई, लेक्सिंग्टनची, अजून चार महिने दूर होती.

एप्रिल 1775 मध्ये युद्ध पेटलं आणि न्यू इंग्लंडच्या बंदरांतून डोलकाठ्या जाणं थांबलं. ऑगस्टमध्ये वेंटवर्थ न्यू हॅम्पशायर सोडून गेला. शरद ऋतूत जॉर्ज वॉशिंग्टनच्या लढाऊ गलबतांवर पांढऱ्या कापडावर हिरवा पाइन असलेला झेंडा होता. ब्रिटिश आरमाराला सुरुवातीला साठ्यावर भागवता आलं. 1778 मध्ये फ्रान्स युद्धात उतरला आणि लढाया भर समुद्रात होऊ लागल्या, तेव्हा मोठ्या डोलकाठ्या कमी पडू लागल्या, आणि आरमाराला पुन्हा रीगाचा पाइन तुकड्या-तुकड्यांनी जोडत बसावं लागलं.