चहा, कॉफी आणि फ्रेंच ‘ऊ’

फ्रान्समध्ये ठरावीक दराच्या जेवणाच्या मेनूवर ‘फ्रोमाज ऊ देसेर’ असे छापलेले असते. चीज किंवा गोड, दोन्हींपैकी एकच. हाच ‘ऊ’ नोकरीच्या जाहिरातीत ‘इंग्रजी ऊ जर्मन आवश्यक’ असा आला, तर दोन्ही भाषा येणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही. तर्कशास्त्रात पहिला विकल्प वर्जक, दुसरा समावेशक. भाषेत शब्द एकच. जे स्पष्ट नाही ते फ्रेंच नाही, असे फ्रेंच लेखक रिव्हारोलने 1784 मध्ये ठणकावले होते. ‘फ्रेंच म्हणजे तर्काची भाषा’ हा डंका त्याच जातीचा. ‘ऊ’पुढे तो टिकत नाही.

खरी गंमत प्रश्नात आहे. ‘व्हू व्हुले द्यु ते ऊ द्यु काफे?’ म्हणजे तुम्हाला चहा किंवा कॉफी हवी? यात ‘ते’वर, म्हणजे चहावर, सूर चढला आणि ‘काफे’वर उतरला, तर चहा-कॉफीतले एक निवडायचे आहे. मधे न थांबता सूर शेवटी चढला, तर काही घेणार का, एवढेच विचारले आहे. उत्तर ‘वी’ (हो) किंवा ‘नाँ’ (नाही). सुरुवातीला ‘एस्क’ हे प्रश्न दाखवणारे शब्द लावूनही हा घोळ सुटत नाही. मराठीत हे ओझे ‘की’ उचलतो: ‘चहा की कॉफी?’ त्यामुळे सुराकडे आपले लक्षच जात नाही. वाक्य बिनचूक, पण शेवट चढा, मग समोरचा ‘वी’ म्हणून गप्प बसतो! सुराची खात्री नसेल तर बोलताना ‘व्हू व्हुले क्वा, द्यु ते ऊ द्यु काफे?’ म्हणावे. ‘क्वा’ म्हणजे काय. मग हो-नाहीला जागा उरत नाही.

विधानात ‘एकतर हे, नाहीतर ते’ म्हणायला ‘स्वा… स्वा’ आहे: ‘स्वा लँदी, स्वा मार्दी’, एकतर सोमवारी, नाहीतर मंगळवारी. पर्याय तीन असले तर ‘स्वा’ही तीन. ‘स्वा… ऊ’ अशी भेसळ टाळलेली बरी. निवड विचारणाऱ्या प्रश्नात मात्र ही जोडी चालत नाही. हाच शब्द गणितात ‘समजा’ म्हणून येतो, आणि एकटा ‘ठीक आहे’ या अर्थी आला की ‘स्वात’ असा उच्चारतात.

दोन्ही नको असतील तर ‘नी… नी’: ‘ज न ब्वा नी ते नी काफे’, मी ना चहा पितो, ना कॉफी. इथे नकाराचा नेहमीचा ‘पा’ येत नाही आणि ‘ते’, ‘काफे’च्या आधीचा ‘द्यु’ गळतो.

क्रियापदाचे वचन अर्थावर ठरते. पॉल ऊ मारी अध्यक्ष होणार, पद एकच, म्हणून एकवचन. दोघांनाही क्रिया लागू पडत असेल तर अनेकवचन. ‘त्वा ऊ म्वा’, म्हणजे तू किंवा मी, असेल तर प्रथमपुरुषी अनेकवचन.

लिहिताना ‘कुठे’ या अर्थाच्या ‘ऊ’वर तिरकी खूण असते, ‘किंवा’वर नसते. त्या जागी ‘ऊ ब्यँ’ (किंवा मग) बसत असेल तर खूण देऊ नये. फ्रान्समधल्या कीबोर्डवर या खुणेच्या अक्षराला स्वतंत्र कळ आहे, आणि ते अक्षर फ्रेंचमध्ये लागते फक्त या एका शब्दाला.