हेलिपॅडवरची जोखीम मोजण्याची रीत: कोल्हापूरच्या मैदानांसाठी पार्श्वभूमी

हेलिपॅडच्या सुरक्षेचा विषय निघाला की नजर हेलिकॉप्टरकडे जाते. पण या क्षेत्रातल्या नियमांचा इतिहास पाहिला, तर मोठे धडे जमिनीवरून आणि आजूबाजूच्या माणसांमुळे मिळालेले दिसतात. न्यूयॉर्कमध्ये पॅन अ‍ॅम इमारतीच्या छतावर १६ मे १९७७ रोजी उभ्या असलेल्या एस-६१ हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार धातूच्या थकव्याने तुटला. पंखा फिरतच होता. हेलिकॉप्टर कलंडले आणि पात्यांनी चढायला थांबलेल्या चार प्रवाशांचा बळी घेतला. एक तुकडा खाली रस्त्यावर पडून पाचवी व्यक्ती गेली. पंखा चालू असताना प्रवाशांना चढवायचे का, आणि छताखालच्या रस्त्याचे काय, हे दोन्ही प्रश्न त्या दिवसापासून टाळता येण्यासारखे राहिले नाहीत.

जोखीम मोजायची पद्धत मात्र विमानांच्या जगातली नव्हे, ती आली कोळशाच्या खाणीतून. ब्रिटनमधल्या १९४९ च्या एका खटल्यात न्यायालयाने सांगितले की, धोका एका पारड्यात आणि तो टाळायला लागणारा पैसा, वेळ, त्रास दुसऱ्या पारड्यात ठेवा. धोक्याच्या मानाने खर्च अगदीच अवाजवी असेल तरच उपाय सोडता येईल. ‘शक्य तितकी कमी जोखीम’ हे आजचे तत्त्व तिथून निघाले. हेलिपोर्टसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक यायला १९९० उजाडले: आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतल्या चौदाव्या परिशिष्टाचा दुसरा खंड. सुरक्षा व्यवस्थापनाचे स्वतंत्र एकोणिसावे परिशिष्ट लागू झाले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये. दिल्लीतले रोहिणी हेलिपोर्ट २०१७ चे. म्हणजे आपल्याकडे कायमस्वरूपी हेलिपोर्टची संस्कृती अजून कोवळी आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली बहुतेक उतराई तात्पुरत्या मैदानांवर होते.

कोल्हापुरात हे जास्तच लागू पडते. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासून आहे, पण २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली, महामार्ग बंद पडला आणि शिरोळ तालुक्यात मदत पोहोचवायला हेलिकॉप्टर लागले. अशा वेळी जागा निवडायला सवड मिळत नाही. म्हणून मैदानांची धोक्यांची नोंदवही कोरड्या दिवसांत तयार असायला हवी, हे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. मंत्र्यांच्या दौऱ्यापुरती फक्की मारून, टँकरने पाणी शिंपडून काम भागते, पण त्या मैदानाची माहिती पुढच्या माणसाच्या हाती काहीच राहत नाही.

नोंदवहीत काय असावे? आधी तारा. उतरण्याच्या दिशेला आठ टक्के चढाची मोकळी पट्टी धरली, म्हणजे दर १०० मीटरला आठ मीटर चढणारी आणि जिच्या वर काहीच डोकावू नये अशी, तर आठ मीटर उंचीचा खांब उतरण्याच्या जागेभोवती राखलेल्या सुरक्षा क्षेत्राच्या कडेपासून किमान १०० मीटर दूर हवा. साडेचार टक्क्यांची कडक पट्टी धरली, तर जवळपास १८० मीटर. उसाच्या फडाकडेची डीपी आणि तिच्याकडे जाणारी तार साठ मीटरवर असेल, तर ती दिशा बादच. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली येऊन विजेच्या तारांत अडकले, सगळे वाचले. मे महिन्याचा उन्हाळा इथे विसरू नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. ३५ अंश सेल्सिअसला इथली हवा इतकी विरळ होते की यंत्राच्या दृष्टीने ते जवळजवळ ४९०० फुटांवरचे ठिकाण ठरते. सकाळी उचलता येणारे वजन दुपारी उचलता येईलच असे नाही.

दुसरा धोका पंख्याखालच्या वाऱ्याचा, आणि आपल्याकडे सगळ्यात हलका धरला जातो तो हाच. साडेसहा टनांच्या आसपासच्या एडब्ल्यू-१३९ सारख्या हेलिकॉप्टरखाली हा झोत हिशेबाने ताशी ९० ते १०० किलोमीटरपर्यंत जातो. ब्रिटनमधल्या प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात ४ मार्च २०२२ रोजी तटरक्षक दलाचे एस-९२ उतरताना गाड्यांच्या तळावरून जाणारी वृद्ध महिला या झोताने पडली आणि दगावली. आपल्या मैदानांवर मंडपाचे कापड, जे-हूक न मारलेले पत्रे, उसाचे पाचट, कचऱ्याच्या पिशव्या असतात. पाणी शिंपडल्याने धूळ बसते. पत्रा बसत नाही.

आता मोजणी. आयकाओच्या तक्त्यात शक्यता १ (जवळजवळ नाहीच) ते ५ (वारंवार) आणि परिणाम ए (सगळ्यात घातक) ते ई (नगण्य) असा लिहितात. सैल पत्र्याच्या शेडजवळ हेलिकॉप्टर उतरणार असेल, तर शक्यता ३, परिणाम ए. ३ए म्हणजे न चालणारी जोखीम. शेड काढले किंवा उतरण्याची जागा बदलली, तर शक्यता १ होते. १ए लक्ष ठेवून चालवता येते. परिणामाचे अक्षर बदलले नाही, हे लक्षात घ्यावे. नुसता पोलीस उभा करून आकडा तीनवरून एकवर आणला, तर तो कागदावरचाच. जागा बदलणे आणि अडथळा हटवणे हे उपाय नेहमी सूचनाफलक आणि शिट्टी यांच्या आधी येतात. आणखी एक चूक हमखास होते: ‘आजवर काही झाले नाही’ म्हणून शक्यता कमी लिहायची. वर्षातून चारदा वापरलेल्या मैदानाचा तो अनुभव आकडा ठरवायला पुरत नाही.

माणसांच्या हालचालीची नोंद वेगळी ठेवावी. २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथमध्ये उत्तराखंड नागरी हवाई विकास प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याचा शेपटीचा पंखा लागून मृत्यू झाला. हा पंखा फिरताना नजरेला दिसतच नाही. म्हणून यायचे ते पुढून, पायलटच्या नजरेत राहून, त्याच्या खुणेनंतरच. उतार असेल तर खालच्या बाजूने. हार-तुरे घेऊन धावणाऱ्यांसाठी दोरी आणि एकच वाट. बंब असेल, तर त्यात फोम आहे का, हे पाहावे. इंधनाची आग नुसत्या पाण्याने आवरत नाही.

प्रत्येक मैदानासाठी एकच पान पुरेसे आहे: लांबी-रुंदी, वजन झेलणारा थर मुरमाचा की गवताचा, तारांची दिशा आणि अंतर, पावसात पाणी कुठे साचते, वाऱ्याची नेहमीची दिशा, जबाबदार माणसाचे पद. महावितरणने खांब हलवला किंवा शेजारी मोबाईलचा टॉवर उभा राहिला, की ते पान जुने झाले असे धरून त्याच आठवड्यात पुन्हा जागेवर जाऊन पाहावे.