वैताग, संताप की हिरमोड?

गेल्या महिन्यात अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांकडून भावनिक बुद्धिमत्तेची प्रश्नावली भरून घेतली. 'इतरांच्या भावना मी चटकन ओळखतो' : पाचपैकी गुण द्या. मी चार दिले. बहुतेकांनी चार-पाचच दिले होते.

टायपिंगच्या परीक्षेत 'तुमचा वेग किती?' असं विचारून कुणी सर्टिफिकेट देत नाही; उतारा समोर ठेवतात आणि घड्याळ लावतात. १९९० मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याची, कल्पना मांडली, ती एक क्षमता म्हणूनच. डेव्हिड करुसो यांच्यासह त्यांनी पुढे बनवलेल्या १४१ प्रश्नांच्या चाचणीत चेहऱ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायला लावतात. अशा चाचणीतले गुण आणि आपणच आपल्याला दिलेले गुण यांचा मेळ फारसा बसत नाही. 'यशात ऐंशी टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा' या प्रशिक्षणवर्गांतल्या लाडक्या वाक्यालाही संशोधनाचा आधार नाही.

मग ही क्षमता वाढवायची कशी? मला सगळ्यात भावलेला उपाय म्हणजे भावनेला नाव देणं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये ३० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. कधी त्या चेहऱ्याला जुळणारा भावनेचा शब्द निवडायचा, कधी त्याच चेहऱ्याला स्त्री किंवा पुरुषाचं साजेसं नाव. भावनेचा शब्द निवडताना धोक्याची चाहूल घेणाऱ्या, बदामाएवढ्या अमिग्डालाची हालचाल मंदावली आणि कपाळामागे उजवीकडचा व्हेन्ट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा मेंदूचा भाग जास्त कामाला लागला. हा भाग अमिग्डालाला थेट आवरत नसावा. मधल्या मेडियल प्रीफ्रंटल भागामार्फत निरोप जात असावा, असं त्या आकडेवारीवरून दिसतं. चेहरा कोरा ठेवून भावना दाबली, तर मात्र शरीरावरचा ताण उलट वाढतो.

नाव नेमकं हवं. इथे मराठी आपल्याला भरभरून देते : वैताग, चीड, संताप, रुसवा, हिरमोड, खंत, घालमेल. वैतागावर थोडी विश्रांती पुरते, रुसव्याला कुणीतरी विचारावं लागतं. सगळ्यालाच 'टेन्शन' म्हटलं की पुढचं काहीच सुचत नाही.

परवाच्या मीटिंगमध्ये माझ्या दोन आठवड्यांच्या कामाच्या स्लाइड्स ऐनवेळी गाळलेल्या दिसल्या. जबडा आवळला गेला, तळवे ओले झाले. वहीच्या कोपऱ्यात 'राग' लिहिलं. पटेना. खोडून 'अपमान' लिहिलं. तेही नाही. शेवटी 'हिरमोड' लिहिलं आणि खांदे सैल झाले. राग असता तर मी तिथेच चार शब्द सुनावले असते. हिरमोड होता, म्हणून मीटिंग संपल्यावर लिफ्टपाशी विचारलं, "मॅडम, माझा भाग का काढला?"

"क्लायंटने रात्री वेळ निम्म्यावर आणला हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सकाळीच फोन करायला हवा होता मी."