गाळातलं जुनं देणं

तलावावर हिरवा तवंग आला की बोल उन्हाळ्याला लावला जातो. पण १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘२२६’ क्रमांकाच्या तलावात पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे सोडला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. ऊन तर दोन्हीकडे सारखंच होतं!

मग तापमानवाढीचा संबंध कुठे येतो? पाण्याच्या वजनात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं आणि त्यापुढे तापेल तसं हलकं होत जातं. पण सारख्या गतीने नाही. ४ वरून ५ अंशांवर जाताना घनता जितकी घटते, त्याच्या सुमारे तीसपट ती २४ वरून २५ वर जाताना घटते. त्यामुळे आधीच कोमट असलेल्या तलावात एखादा अंश वाढला तरी वरचा थर खालच्या गार पाण्यावर घट्ट बसतो, वाऱ्याला दाद देत नाही.

असं निवांत पाणी सायनोबॅक्टेरियांच्या पथ्यावर पडतं. (आपण त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, पण ते जिवाणू आहेत.) त्यांच्यातल्याच मायक्रोसिस्टिसची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आत वायूने भरलेल्या, प्रथिनांच्या इवल्याशा पोकळ नळ्यांचे जुडगे दिसतात; त्यांच्यामुळे ती तरंगते. दिवसभर प्रकाशात साखर साठली की पेशी जड होऊन खाली जाते, रात्री ती साखर खर्ची पडली की पुन्हा वर येते. वारा पडलेला असेल तर पहाटे पृष्ठभागावर जाड साय धरते. काचेसारखं कवच असलेली डायटम नावाची सूक्ष्म शैवालं मात्र पाणी ढवळलं गेलं नाही की बुडतात.

खरी गोम तळाशी आहे. वरचं पाणी खाली मिसळत नाही, तसा तळाचा ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. तो संपला की पकड सुटते. वर्षानुवर्षं सांडपाण्यातून आणि खतांतून येऊन साठलेला फॉस्फरस पाण्यात परततो. बाहेरून येणारा पुरवठा तोडला तरी तलाव स्वतःच स्वतःला खत घालत राहतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या सायनोबॅक्टेरियांच्या अशाच बहरामुळे (बेसुमार वाढीमुळे) अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष आढळलं. चार लाखांहून अधिक लोकांना ते पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. उकळायचीही सोय नव्हती: उकळल्याने हे विष जात नाही, उलट पाणी आटून तीव्र होतं.

उपग्रहचित्रांवरून ७१ मोठ्या सरोवरांचा आढावा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकापासून त्यांतल्या ६८ टक्के सरोवरांत बहर वाढला होता. जिथे सुधारणा टिकली, ती सरोवरं इतरांपेक्षा कमी तापली होती. म्हणूनच तलावात किती फॉस्फरस चालेल याच्या जुन्या मर्यादा आता अपुऱ्या वाटतात. त्या थंड पाण्याच्या हिशेबाने ठरल्या होत्या. तळाशी हवा सोडता येते, ॲल्युमिनियमची संयुगं टाकून फॉस्फरस गाळातच बांधताही येतो. मात्र काठावरून नवा येत राहिला, तर काही वर्षांत तो उपचार पुन्हा करावा लागतो.