लिलावात घेतलेलं लाकडी भांडं रोजच्या वापरात ठेवा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

हे पत्रक आपल्या हातात आलं म्हणजे एकतर आपण मदतनिधीच्या लिलावात आमचं एखादं तबक, फळी किंवा डवली (करवंटीची पळी) बोली लावून घेतली आहे, नाहीतर आपल्या संस्थेच्या लिलावासाठी आमच्याकडून काही करून घ्यायचं आपल्या मनात आहे. दोघांनाही आमचं सांगणं एकच आहे. हे भांडं शोकेसमध्ये ठेवू नका. त्यात वाढा, ते धुवा, पुसा, परत वाढा.

हे सांगण्याचं कारण आहे. चांगली घसघशीत बोली लावून घेतलेलं तबक लोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवतात. दोन पावसाळे गेले की त्यावर बुरशीचे ठिपके येतात, तेल सुकून लाकूड राखाडी दिसायला लागतं, आणि मग ते आमच्याकडे येतं. त्याच ओंडक्यातून केलेलं आमच्या स्वयंपाकघरातलं तबक मात्र हात लागून लागून तुकतुकीत झालेलं असतं.

लिलाव आपल्याकडे नवा नाही. जत्रेनंतर देवळात पावणी होते, तेव्हा देवाला वाहिलेल्या केळ्यांच्या घडाला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली जाते. घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटत नाही, कारण पैसा देवस्थानाला जातो हे त्याला ठाऊक असतं. शाळेच्या छपरासाठी किंवा डायलिसिसच्या रुग्णांसाठी लिलाव होतो तिथेही माणूस याच मनाने बोली लावतो. फरक एवढाच, की घड दोन दिवसांत संपतो आणि तबक वीस वर्षं घरात राहतं. म्हणून ‘मदतीसाठीच आहे, चालून जाईल’ असं म्हणून आम्ही काही देत नाही. दुकानात विकायला ठेवतो त्यापेक्षा लिलावाचं काम जास्त डोळे लावून करतो.

लाकूड कुठलं

आमची शेड वेंगुर्ले तालुक्यात आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत आंबे, फणस, माड मुळासकट आडवे झाले. बरंचसं लाकूड जळणाला गेलं. त्यातले जे ओंडके आम्हाला मिळाले ते चिरून, थर लावून ठेवले, आणि आजही लिलावाच्या भांड्यांना आम्ही मुख्यतः तेच वापरतो. त्यानंतर पडलेली किंवा घर बांधताना रीतसर परवानगीने काढलेली झाडंही घेतो. झाड आपल्या परसातलं असलं तरी ते तोडायला परवानगी लागू शकते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आंबाही आहे. म्हणून कुणी ‘आमचा आंबा तोडून त्याची तबकं करून द्या’ म्हणालं, तर आम्ही आधी कागद मागतो.

सगळ्यात जास्त काम फणसाचं. फणसाचा ओंडका चिरला की आतून हळदीसारखा पिवळा निघतो, आणि नव्याने आलेल्या माणसाला वाटतं रंग लावलाय. तो रंग टिकत नाही. उजेडात तो हळूहळू मधासारखा होतो आणि काही वर्षांत पिकल्या तपकिरीवर जातो. घरातला जुना पाट बघा, तो बहुतेक फणसाचाच असेल. नव्या तबकावर एकाच जागी वाटी ठेवून ते खिडकीत ठेवलंत तर वाटीखालचं लाकूड पिवळं राहील आणि भोवतालचं गडद होईल. पहिले सहा महिने तबक अधूनमधून फिरवत राहा.

आंबा फिकट असतो, त्यात कधी करड्या, कधी काळसर रेघा येतात. दिसायला देखणा, पण त्याच्या पांढऱ्या भागाला किडा लवकर लागतो, म्हणून तो भाग आम्ही काढूनच टाकतो. शिवण हलकी आणि शहाणी, वाकत नाही, म्हणून दांड्यांना आणि वाढण्यांना ती. माडाचं लाकूड बाहेरच्या बाजूला दगडासारखं आणि आत भुसभुशीत असतं, म्हणून सालीलगतचं तेवढंच घेतो.

काही झाडं शेडमध्येही येऊ देत नाही. बिबव्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, काजऱ्याचं बी विषारी, कण्हेर तर सगळीच विषारी. अन्नाच्या भांड्याला यातलं काही नको. काजूही नाही. काजू, बिबवा आणि आंबा एकाच कुळातले. वाळलेल्या, तेल दिलेल्या आंब्याच्या भांड्याने कुणाला त्रास झाल्याचं आम्ही पाहिलेलं नाही, पण आपल्याला आंब्याच्या चिकाने अंगावर उठत असेल तर सांगा, फणसाचं किंवा शिवणीचं देऊ.

पुण्याला गेलेलं तबक

आमची एक चूक इथे सांगणं गरजेचं आहे, कारण आज आम्ही ज्या पद्धतीने काम करतो ती त्या चुकीतून आलेली आहे.

सुरुवातीच्या वर्षांत एका लिलावासाठी फणसाचं मोठं तबक केलं होतं, चौदा इंच रुंद. तळाला एक सलग फळी आणि तिच्या चारही बाजूंना सरसाने घट्ट चिकटवलेली चौकट. सुबक दिसत होतं. जानेवारीत पुण्याच्या एका बाईंनी ते घेतलं. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. रात्री स्वयंपाकघरात ताडकन आवाज झाला, उठून बघतात तर तबक मधोमध उभं चिरलेलं.

दोष लाकडाचा नव्हता, आमचा होता. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आवळतं. आमच्याकडे आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. त्याच हवेत लाकूड राहिलेलं असतं. ते घाट चढून एप्रिलच्या कोरड्या हवेत गेलं, की फूटभर रुंदीमागे तीन-चार मिलिमीटर सहज आवळतं. फळी आवळू पाहत होती आणि चौकट तिला सोडत नव्हती. मग फळी फाटली.

त्यांना दुसरं तबक करून दिलं. पैसे निधीला गेले होते, ते परत मागायचा विचार त्यांच्याही मनात आला नाही. तेव्हापासून चौकट असलेल्या तबकाचा तळ आम्ही खाचेत सैल बसवतो, सरस लावत नाही. हाताने हलवून पाहिलात तर किंचित हलेल. तो सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे, त्यात फेविकॉल भरू नका.

वाळवण्याची घाई आम्ही करत नाही. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा जुना हिशेब. फळ्यांच्या टोकांना मेण लावतो, कारण पाणी टोकांतून झपाट्याने जातं आणि तिथूनच चिरा पडतात. मग मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशा रचून ठेवतो. दर महिन्याला फळीचं वजन करतो आणि तिच्या टोकावर पेन्सिलीने लिहितो. आकडा उतरत उतरत एके ठिकाणी थांबला की फळी वाळली. पावसाळ्यात तो पुन्हा थोडा चढतो, तेव्हा ते महिने आम्ही धरतच नाही. लेथवरचे वाडगे दोनदा कातावे लागतात. दहा इंची वाडगा आधी इंचभर जाड ठेवून कातायचा, काही महिने माळ्यावर ठेवायचा, तो थोडा लंबगोल होतो, मग पुन्हा लेथवर चढवून बारीक करायचा. घाईत एकदाच कातलेला वाडगा नंतर टेबलावर डुगडुगतो.

डवली

लिलावात सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे करवंटीची डवली. आजीच्या चुलीशेजारी टांगलेली असायची तीच. पूर्ण पिकलेला नारळ घ्यायचा आणि डोळे असतात त्याच्या उलटी बाजू वापरायची. बाहेरची शेंडी काढून करवंटी काचेच्या तुकड्याने खरवडायची. हे काम आम्ही अजून काचेनेच करतो, मशीनचा पट्टा करवंटीला तापवतो आणि ती तडकते. अर्धा तास खरवडल्यावर आतून काळा-तांबूस रंग वर येतो. मग समोरासमोर दोन भोकं पाडून त्यातून शिवणीचा दांडा ओवायचा आणि बांबूच्या खुंटीने अडवायचा. खिळा नाही, तार नाही. आपल्या खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि लाकडाला काळा डाग देतो. दांडा पुढेमागे सैल झाला तर खुंटी हलक्या हाताने ठोकून आत सारा.

मोठं तबक आम्ही मुद्दाम केळीच्या पानाच्या मापाचं करतो. पानाचा फाळका (कापलेला तुकडा) अंथरला की बरोबर बसतो. तिखट तिरफळाची आमटी, हळद, सोलकढी असं काही वाढायचं असेल तर पान अंथरा, तबकाला डाग लागणार नाही आणि पाहुण्यालाही आवडतं.

तेल

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा रंग सगळ्यांना माहीत आहे, आणि ‘तुमच्या भांड्यांना तसा रंग का नाही’ असं पुष्कळजण विचारतात. खेळणं हाताळायचं असतं, भांड्यात गरम जेवण पडतं, त्यात पळी-चमचा घासला जातो. म्हणून रंग नाही, वॉर्निशही नाही. कच्च्या जवसाच्या तेलाचे तीन हात आणि वर मेण, एवढंच. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडातच घट्ट होतं. त्याला वेळ लागतो, प्रत्येक हाताला काही दिवस. रंगाच्या दुकानात मिळणारं ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल वापरू नका, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंची द्रव्यं घातलेली असतात. खोबरेल घरात असतं म्हणून लावलं जातं, पण ते सुकत नाही, नुसतं बसून राहतं आणि कालांतराने खवट वास येतो.

भांड्याबरोबर एक छोटी डबी मिळेल. त्यात मेण, जवसाचं तेल आणि भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आहे. थंडीत टाचांच्या भेगांना लावतात तेच भिरंडेल. लाकूड कोरडं दिसलं की बोटभर घेऊन चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. एक महत्त्वाचं: जवसाचं तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. दोरीवर मोकळं पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

वापरताना

कोमट पाणी, साधा साबण, मऊ घासणी, आणि लगेच पुसून उभं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागेल. एकच बाजू वाळली तर फळी वाकते. मोरीत बुडवून ठेवू नका. चुलीवरून उतरवलेली कढई थेट ठेवू नका, मेण साधारण ६२ अंशांना वितळतं आणि पांढुरका डाग उरतो. माशांचा वास राहिला तर जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन घासा. हळदीचा डाग सकाळच्या कोवळ्या उन्हात फिका पडतो, पण दुपारच्या उन्हात तबक विसरू नका. पावसाळ्यात बंद कपाटात नको, फळीवर उघडं असू द्या. बुरशी आलीच तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसून वाळवा आणि तेल द्या. तबकाखाली पिठासारखा बारीक भुगा दिसला तर किडा आहे, लगेच आमच्याकडे आणा, बदलून देऊ.

आपल्या लिलावासाठी काही हवं असेल तर

चार महिने आधी सांगा. दिवाळीनंतरच्या लिलावासाठी आगोटीपूर्वी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, सांगितलंत तर फार बरं, कारण पावसाळ्यात तेल सुकायला दुप्पट वेळ लागतो. प्रत्येक लिलावाला दोन वस्तू आम्ही आमच्याकडून देतो, त्यांचे पैसे घेत नाही. बाकीच्यांचा लाकूड आणि मजुरी एवढाच खर्च घेतो, आणि तो संस्थेला लेखी कळवतो, म्हणजे सरकारी बोली (लिलाव जिथून सुरू होतो ती पहिली बोली) त्याच्या खाली लावली जाणार नाही. बोली किती वर गेली याच्याशी आमचा संबंध नाही, ती सगळी निधीची. एक गोष्ट संस्थेने लक्षात घ्यावी : प्राप्तिकरातली देणगीची वजावट पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही, तेव्हा वस्तू देणाऱ्यांना तसं सांगून ठेवू नका.

संस्थेचं नाव तबकाच्या मधोमध मोठं कोरून द्या, अशी मागणी येते. आम्ही ते तळाशी कोरतो. वरच्या बाजूला अक्षरांच्या खाचांत अन्न अडकतं आणि घासणी पोचत नाही. तळाशीच लाकडाचं नाव, झाडाचं गाव आणि ते पडलं ते वर्ष लिहिलेलं असतं.

आपल्या वाडीतलं एखादं झाड पडलं असेल आणि त्याचंच काही करून लिलावाला द्यायचं असेल, तर ओंडका पावसात भिजत ठेवू नका. टोकांना मेण किंवा जुना रंग फासा, दोन दगडांवर उचलून सावलीत ठेवा आणि आम्हाला बोलवा. त्यातून यंदा काही निघणार नाही, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी निघेल.

लिलावातून घेतलेलं कुठलंही भांडं वैशाखात, पाऊस सुरू होण्याआधी, शेडवर आणा. तेलाचा हात आम्ही विनामूल्य देतो. दोन दिवस ठेवून जावं लागेल.