इंची : कागदकलेतील इंचभर चौरस चित्र

१ इंच लांब आणि १ इंच रुंद चौरसात पूर्ण केलेल्या चित्राला किंवा चिकटचित्राला कागदकलेत इंची म्हणतात. मेट्रिक मापात तिची बाजू २५.४ मिलिमीटर भरते. बाजू २ इंच झाली की तीच ट्विंची. तिचे क्षेत्र इंचीच्या चौपट असल्याने ती बरीच सोपी जाते. या जातीतला सर्वांत परिचित भाऊबंद म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड. एम. व्हांची स्टिर्नेमान या स्विस कलावंताने १९९७ मध्ये झुरिक येथे ही प्रथा सुरू केली. ते कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचे असते आणि ते विकायचे नसते, दुसऱ्याच्या कार्डाशी बदलायचे असते. इंचीही मुख्यतः अशाच देवाणघेवाणीतून पसरली.

कोकणात हा शब्द अजून फारसा रुळलेला नाही. ‘तीन इंची खिळा’ यापलीकडे तो ऐकू येत नाही. त्यामागची हातोटी मात्र ओळखीची आहे. शाळेतले कातरकाम आणि चिकटकाम, घोटीव कागद, कार्डशीट, चिकटवही हे सगळे इथल्या मुलांच्या हाताखालून गेलेले असते. शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करताना ठरलेल्या आकाराच्या आत संकल्पचित्र बसवण्याचा सरावही होतो. लग्नपत्रिकेवरचा गणपती रद्दीत जाऊ नये म्हणून कापून ठेवण्याची सवय तर घराघरात आहे. सोनेरी छपाईचा, किंचित उठावाचा तो गणपती बहुधा इंचभरच असतो. त्याभोवती कागद चौरस राखून कापला, की हातात जे येते ते इंचीच्या अगदी जवळचे असते. पत्रिकेचा उरलेला जाड कागदही टाकू नये. इंचीच्या पाठीला त्याच्यासारखा पुठ्ठा विकत घेऊनही सहसा मिळत नाही.

मापाबाबत काटेकोर राहावे लागते, कारण चूक साठत जाते. प्रत्येक चौरस अर्धा मिलिमीटर मोठा कापला तर आठ चौरसांच्या ओळीत ४ मिलिमीटरचा फरक पडतो आणि ओळ डोळ्यांना खुपते. म्हणून आधीच्या रेघेपासून पुढची रेघ मोजू नये. सगळ्या खुणा कागदाच्या एकाच कडेपासून कराव्यात आणि पोलादी पट्टीला कटर टेकवून कापावे. कात्रीने कोपरे दबतात. ए-४ कागदातून ८ गुणिले ११, म्हणजे ८८ चौरस निघतात. इथे सुताराचे माप फार उपयोगी पडते. सुतार अजून इंच आणि सुतात बोलतो, आणि १ इंच म्हणजे ८ सूत. नऊ इंची तीन-तीनच्या ओळींत मांडून मधे एकेक सूत फट सोडली, तर मांडणीची बाजू २६ सूत, म्हणजे सव्वातीन इंच होते. पोस्टकार्डाची रुंदी ९ सेंटिमीटर असते. त्यात ही मांडणी बसून दोन्ही बाजूंना पावणेचार मिलिमीटरच्या आसपास कोरी कड उरते. फट सोडणे ही हौस समजू नये. फट नसली तर नऊ चित्रे एकमेकांत मिसळतात आणि एकही धड दिसत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर इंची करणाऱ्याची खरी गाठ पडते ती दमट हवेशी. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कागद तंतूंचा बनलेला असतो आणि ते तंतू हवेतला ओलावा ओढून घेतात. ओलाव्याने कागद तंतूंच्या दिशेत फारसा वाढत नाही, आडव्या दिशेत मात्र फुगतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवला तर खळ वाळताना ती बाजू आखडते आणि चौरस पन्हळीसारखा वळतो. ए-४ कागदाचा बाक मांडणीत एक वेळ लपवता येतो, इंचीचा लपत नाही. एक कोपरा उचलला गेला तरी सावली पडते. उपाय साधा आहे. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघावा. ज्या दिशेने तो सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर त्याचे तंतू असतात. सगळे थर तंतूंची दिशा एक ठेवून डकवावेत, पुढे जितका कागद लावला तितकाच मागेही लावावा, आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेवावे.

हे उत्तर किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या सावंतवाडीत पूर्वीच शोधले गेले आहे. तिथले चितारी गंजिफा हे रंगीत खेळाचे पत्ते बनवत आले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. हे पत्ते सहसा गोल असतात, चौरस नव्हेत. गंजिफा ही इंचीची पूर्वज आहे असेही नाही. पण लहान, रंगवलेला, हाताळला जाणारा पत्ता या हवेत सपाट कसा ठेवायचा, याचे शास्त्र गंजिफेत आहे. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक बसवायचे, त्यावर पांढरे अस्तर चढवायचे, गुळगुळीत दगडाने घोटायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा लेप द्यायचा. एकेक थर एकेका अडचणीला उत्तर देतो : खळ कडकपणा देते, घोटण्याने पृष्ठभाग बंद होतो आणि रंग पसरत नाही, लाख ओलावा बाहेर ठेवते. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून ती वाचवली.

गंजिफेचा साधा पत्ता हाती घेऊन निरखावा. मत्स्यावताराच्या पत्त्यावर मासे मोजून काढलेले असतात आणि एकेक मासा नखाएवढा असतो. एका ओघात पाठ, दुसऱ्यात पोट, शेपटीला दोन फटकारे, डोळ्याला एक ठिपका. खवले नाहीत. तरीही तो मासाच दिसतो. इंची करणाऱ्याने शिकायचे ते हेच : इंचभरात काय घ्यायचे याआधी काय सोडायचे ते ठरते. अख्खा माड इंचीत घेतला की त्याची केरसुणी होते. त्याऐवजी झावळीची चार पाती तिरकी घ्यावीत आणि मागे समुद्राची एक आडवी रेघ ओढावी. पिंगुळी गावच्या चित्रकथीतला, म्हणजे कथा सांगताना दाखवायच्या चित्रांतला, टपोरा डोळा तर एकटाच चौरस भरून टाकतो. पुठ्ठ्यात इंचाची खिडकी कापून ती मोठ्या चित्रावरून सरकवत न्यावी. कुठे थांबायचे ते डोळ्याला आपोआप कळते.

करण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत प्रत्येक चौरस वेगळा रंगवतात. दुसरीत आधी मोठा कागद रंग, शिक्के आणि छापील तुकडे यांनी भरतात आणि मग त्याचे चौरस कापतात. दुसऱ्या वाटेने रंगसंगती आपोआप जुळते, काम भराभर होते आणि नवशिक्याची भीती जाते. तरी हाताला वळण लावते ती पहिलीच. बारीक ठिपक्यासाठी कुंचला नसला तर माडाच्या पातीचा हीर तिरका कापून रंगात बुडवावा. नेमका टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पडतो. खळ लावायलाही तोच हीर चालतो.

रंगांपैकी जांभ्याची धूळ वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकात खलली की तांबूस विटकरी रंग मिळतो. त्याचा रंग लोहाच्या संयुगांचा असल्याने तो उन्हाने उडत नाही. रातांब्याच्या सालीचा लाल फार मोहक दिसतो, पण त्याच्यावर विसंबू नये. तो आम्लातच लाल राहतो, कागदात खडूचा अंश असला तर बदलतो आणि उजेडात फिका पडतो. घरच्या खळीला बुरशी आणि कसर लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातची खळ त्याविना आणि त्या दिवसापुरतीच शिजवावी.

वापर अनेक आहेत. भेटकार्ड, पुस्तकातली खूण, आहेराचे पाकीट, संक्रांतीची तिळगुळाची पुडी, राखीचा मधला भाग, या सगळ्यांवर इंची शोभते. दोन बाजू चिकट असलेल्या फोमच्या तुकड्यावर बसवली तर ती उठून दिसते. सर्वांत मोठी जागा मात्र गणपतीच्या मखराची. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यापासून कागदाला मखरात पुन्हा मान मिळाला आहे. एकेक सूत फट धरली तर ३ फुटांच्या पट्टीला ३२ इंची पुरतात. चतुर्थीला मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यांची मुले आणि घरातली माणसे अशी सोळा जण प्रत्येकी दोन करायला बसली, की पट्टी एका दुपारी पुरी होते. आजोबांच्या थरथरत्या रेघेचा चौरस आणि पहिलीतल्या नातवाचा चौरस शेजारी लागतात आणि माप एकच असल्याने दोन्ही शोभतात. याहून चांगला वापर दुसरा नाही. समई आणि निरांजनापासून पट्टी हातभर लांब ठेवावी.

साठवणीसाठी नाण्यांच्या संग्राहकांची, दोन इंच बाजूच्या कप्प्यांची पाने सोयीची पडतात. पावसाळ्यात ही पाने झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावीत. लोखंडी कपाटात किंवा भिंतीला टेकवून नकोत. ऑक्टोबरची उन्हे पडली की डबा उघडून इंची सावलीत पसराव्यात. कोपरा उचललेल्या वेगळ्या काढून दोन दिवस पाट्याखाली दाबाव्यात, आणि बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर तो कोरड्या कुंचल्याने घराबाहेर झाडावा. ओल्या फडक्याने पुसू नये.