वीट कामाचा की जगण्याचा? बर्नआउट आणि डिप्रेशन

"सिस्टर, नको वाटलंय बघा सगळं."

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात सबसेंटरवर (आरोग्य उपकेंद्रावर) असताना हे वाक्य मी एकाच पावसाळ्यात दोन आशाताईंच्या तोंडून ऐकलं. शब्द तेच, आवाजही तसाच बसलेला. दोघींनाही मी एकच सांगितलं: आठ-दहा दिवस काम बाजूला ठेव, गणपतीला माहेरी जाऊन ये. (आशाला रजा अशी नसतेच. काम केलं नाही तर त्याचे पैसे नाहीत, एवढाच हिशोब.) एकीला त्याने बरं वाटलं. दुसरीच्या बाबतीत माझा सल्ला साफ चुकला. पहिलीला बर्नआउट झालं होतं, दुसरीला डिप्रेशन. वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण दोन्हीचं मूळ वेगळं आणि उपायही वेगळा. ते मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं.

आधी बर्नआउट. १९७४ साली फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था सांगताना हा शब्द वापरला. म्हणजे हा शब्द मुळात आपल्यासारख्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच आला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं मांडली: आतून आटून जाणं, माणसांविषयी कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि त्यावर इलाज झाला नाही, की उद्भवणारी अवस्था अशी ती नोंद आहे. हा शब्द कामापुरताच वापरावा, असंही तिथे बजावलं आहे.

या तिन्हींत आटून जाणं सगळ्यांना दिसतं. कोरडेपणा दिसत नाही, आणि दिसला तरी लोक त्याला माज म्हणतात. माझी पहिली आशाताई आठ वर्षं काम करत होती. कुठल्या घरची लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय, कुणाची सासू तिला दवाखान्यात पाठवायला कुरकुरते, हे सगळं तिला तोंडपाठ. त्या पावसाळ्यात तीच बाई "ती आठव्या महिन्याची केस" असं बोलायला लागली. एकदा बाळाचं वजन घेताना मी तिला बघत होते. झोळीत बाळ हातपाय झाडत होतं आणि तिची नजर फक्त काट्यावर. आकडा लिहिला, बाळ आईच्या हातात दिलं, निघाली. बाळाकडे एकदाही पाहिलं नाही. ती कठोर झाली नव्हती. रोज रोज माणसांना देऊन देऊन उरलं नाही की मन स्वतःलाच असं झाकून घेतं.

आणि देणं तरी किती! कागदावर हजार लोकवस्तीमागे एक आशा. सपाटीवर ही हजार माणसं दोन गल्ल्यांत भेटतात. कणकुंबी-जांबोटीकडे, भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर ती डोंगर-ओढ्यांमध्ये विखुरलेली असतात. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा मुलूख, पावसाळ्यात ओढा चढला की पलीकडची वाडी तुटते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत नवजात बाळाच्या घरी सहा भेटी द्यायच्या, त्याचे २५० रुपये. घरची भाषा मराठी, शाळा मराठीतून, आणि रजिस्टर नि मीटिंग कन्नडमध्ये. कन्नडशी कुणाचंच वाकडं नाही, पण रात्री मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून रकाने भरून घ्यायचे म्हणजे दिवसाचं काम रात्रीपर्यंत लांबतं. त्यात रेंज मिळाली नाही आणि सरकारी पोर्टलवर नोंद चढली नाही, तर केलेल्या कामाचे पैसेही अडकतात. जानेवारी २०२५ मध्ये राज्यभरच्या आशा बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत बसल्या, त्या ठरावीक मानधनासाठीच.

डिप्रेशन मात्र आजार आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असतं किंवा कशातच रस उरत नाही. सोबत झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं, कधी मरणाचे विचार येतात. ते होण्यासाठी काम असावंच लागतं असं नाही. शेतकऱ्याला होतं, बाळंतिणीला होतं, घरी आरामात बसलेल्यालाही होतं.

फरक मला गणपतीने दाखवला. पहिली माहेरी गेली, बहिणींबरोबर करंज्या लाटल्या, आरतीला गळा सोडून गायली, रात्री गाढ झोपली. परतीच्या बसमध्ये सबसेंटरचं वळण आलं आणि तिच्या पोटात गोळा आला. दुसरीच्या माहेरीही गणपती होते. तिच्या आईने नंतर सांगितलं, पोर आरतीला उठलीच नाही. पुरणपोळी तिच्या आवडीची, पण एक घास मोडून ताट सरकवलं. पहाटे तीनला जाग यायची, मग चुलीसमोर नुसती बसून राहायची. काम पन्नास किलोमीटर मागे राहिलं होतं, तरी तिची सुटका नव्हती.

म्हणून मी आता आधी हे विचारते: काम बाजूला केलं तर काय उरतं? आवडीचं माणूस, आवडीचं खाणं, सण, गप्पा यांत जीव रमत असेल तर संशय कामावर. तिथेही रमत नसेल तर संशय आजारावर. दुसरी खूण रागाची. पहिली चिडायची ती पोर्टलवर, साहेबांवर, उशिरा येणाऱ्या पैशांवर. दुसरी कुणावरच चिडत नव्हती. "माझंच चुकतं, माझा घराला भार झालाय," एवढंच म्हणायची. असं बोलणं कानावर आलं की थांबून विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का? सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते.

ही रेघ काही खडूने मारल्यासारखी स्पष्ट नसते. बियांकी आणि शॉनफेल्ड यांच्यासारख्या संशोधकांचं तर म्हणणं आहे की बर्नआउट हा डिप्रेशनचाच प्रकार आहे. तेवढं मला पटत नाही, पण वर्षानुवर्षं साचलेलं बर्नआउट डिप्रेशनच्या उंबरठ्यावर नेऊन सोडतं हे मी पाहिलं आहे. आणि दोन्हींच्या आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली बाईही "नको वाटलंय" असंच म्हणते.

गल्लत झाली की नुकसान दोन्हीकडून होतं. पहिलीला वरच्या एका कार्यालयाने तणावमुक्ती शिबिराला पाठवलं. एक दिवस प्राणायाम, एक दिवस व्याख्यान, आणि त्या दोन दिवसांचं काम तिसऱ्या दिवशी अंगावर. प्राणायाम चांगलाच, पण अडकलेले पैसे त्याने सुटत नाहीत. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचा २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. माणसाला एकटं धरून शिकवण्यापेक्षा कामाची घडी बदलण्याचे उपाय जास्त लागू पडतात, असं त्यात दिसलं. पहिलीला खरा गुण आला तो दोन लांबच्या वाड्या शेजारच्या आशाकडे दिल्यावर आणि चार महिन्यांचे थकलेले पैसे जमा झाल्यावर. त्यानंतर कधीतरी तिच्या तोंडी पुन्हा बाळांची नावं आली.

डिप्रेशनला हे पुरत नाही. तिथे डॉक्टर लागतो, समुपदेशन लागतं, गरज असेल तर गोळ्या. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात. आमच्याकडे अडचण वेगळीच. मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की "म्हणजे धारवाडला न्यायचं का?" असं घरचे विचारतात, कारण धारवाड म्हटलं की लोकांना वेड्यांचं इस्पितळच आठवतं. वास्तविक मनाच्या आजारावर प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपचार होऊ शकतात, हे १९८५ पासून बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीत करून दाखवलं. आज बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेलीमानसच्या (मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या) नंबरावर चोवीस तास, पैसे न लागता बोलता येतं, भाषाही निवडता येते.

दुसरी माहेराहून परतली ती आणखी खंगून. एका संध्याकाळी ती सबसेंटरमध्ये तिशीपुढच्या लोकांचे तपासणीचे फॉर्म लावत बसली होती. त्या फॉर्ममध्ये शेवटी दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात, गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? घरोघर जाऊन कन्नड फॉर्मवरून मराठीत ती हे शेकडो लोकांना विचारत आली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी कोरा फॉर्म घेतला आणि पहिला प्रश्न वाचला. पर्याय वाचायची गरजच पडली नाही, ते तिला पाठ होते.

"तीन," ती म्हणाली. "दोन्हीला तीनच लिहा, सिस्टर."

तीन म्हणजे जवळजवळ रोज. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघी बेळगावला गेलो.